अर्ध्या फेऱ्याची वाफ

रंगखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. त्यात तिच्याहून चार वर्षांनी मोठा रंगमास्तरही आला आणि कधीकधी चुकून मालकसुद्धा. नात्यानं ती तिथे एकाचीच लागायची, तिथल्या फिटरची, म्हणजे तिच्या दिराची, आणि तो तिला वहिनी म्हणायचा. बाकीच्या सेहेचाळीस जणांची ती मावशी कशी झाली, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: बॉयलरवर असते ना, तिच्याशी गोड बोलावं लागतं. यात खोटं काही नव्हतं. वाफ नाही तर पाणी तापत नाही, पाणी तापलं नाही तर कापड रंग धरत नाही, आणि वाफ किती सोडायची ते मावशीच्या हातात. त्यामुळे तिची मर्जी सांभाळणारे पुष्कळ होते. तिलाही ते आवडायचं, उगाच कशाला लपवा.

सत्तावीस वर्षांपूर्वी ती इथे आली होती राख उपसायला. राख उपसता उपसता तिची नजर वर वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे जायला लागली. हा काटा का चढतो, का उतरतो, हे विचारून विचारून तिनं जुन्या बॉयलरवाल्याचं डोकं खाल्लं. त्यानं वैतागून फावडं तिच्या हातात दिलं. मग एक दिवस तिनं परीक्षेचा अर्ज भरला. परीक्षेच्या ठिकाणी दारावरच्या माणसानं तिला अडवलं आणि म्हणाला, "बाई, कुणाचा डबा आणलाय? आत परीक्षा चालू आहे, इथेच ठेवा." ती म्हणाली, "डबाही माझाच आहे आणि परीक्षाही माझीच आहे. सरका बाजूला." पहिल्या वर्गाचं सर्टिफिकेट मिळालं. ते काचेत घालून बॉयलरच्या खोलीत लावलं, आणि वाफेनं काच पुसट झाली तरी ते कुणाला पुसू द्यायचं नाही, असा तिचा कडक नियम होता. स्वतः पुसायची.

तर अशा बाईच्या दारावर एका मंगळवारी कागद चिकटला.

कागद हवामान बदलाच्या कचेरीचा. या कचेरीचं खरं नाव चांगलं दीड ओळीचं होतं, पण रंगखान्यात तिला धूरकचेरीच म्हणत. कागदात लिहिलं होतं की शंभर किलो कापड रंगवायला नव्वद किलोपेक्षा जास्त कोळसा जाळता येणार नाही. तुमचा जळतो एकशे एकतीस. महिनाअखेरपर्यंत तो मर्यादेत आला नाही तर बॉयलरला सील लागेल. मालकाला भरपाई मिळेल, कामगारांना सहा महिन्यांचं प्रशिक्षण.

"प्रशिक्षण कसलं?" रंगमास्तरनं चष्मा कपाळावर चढवून विचारलं. "या वयात मला हवा रंगवायला शिकवणार का?"

लोक हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. अठ्ठेचाळीस घरांच्या चुली त्या एका बॉयलरवर पेटत होत्या. मालक केबिनच्या दारात येऊन उभे राहिले, मान हलवली आणि म्हणाले, "काय करणार? वरूनच तुमच्या पोटावर पाय आला. माझ्या हातात काही नाही." चेहरा त्यांनी दुःखी ठेवला होता, पण मावशीला तो जरा जास्तच विश्रांती घेतलेला दिसला. गेली दोन वर्षं कुणी ना कुणी फीत घेऊन रंगखान्याची लांबी-रुंदी मोजून जात होतं, आणि या जागेवर गोदाम छान होईल, ही चर्चा चहाच्या टपरीवरच्या पोरासोरांनाही ठाऊक होती.

फिटर, म्हणजे तिचा दीर, कामगार समितीचा पुढारी होता. उंची कमी, आवाज मोठा. त्यानं तिथल्या तिथे घोषणा रचली, "पोट आधी, हवा मग!" आणि सोमवारी धूरकचेरीवर मोर्चा ठरवला. बॅनरचं कापड रंगमास्तरनं स्वतः रंगवलं. सात वेळा धुतलं तरी उतरणार नाही असा लाल. "वहिनी, तुम्ही सगळ्यात पुढे," दिरानं सांगूनच टाकलं. मावशी पुढे नसेल तर मोर्चा कसला, असं सगळ्यांनाच वाटत होतं. तिलाही.

पण त्याआधी शुक्रवारी तपासनीस बाई मावशीपर्यंत आली. तिशीची पोरगी, पायात जाड बूट, हातात वही. तिनं आधीचे दोन दिवस रंगखान्यात कोळसा तोलून घेतला होता, टाक्यांच्या पाण्याचं तापमान घेतलं होतं. मावशी तिची वाटच पाहत होती. आतून नुसती उकळत होती.

"बाई, एक सांगा," ती म्हणाली. "माझ्या भट्टीत एक ढेकूळ वाया जात नाही. धूर बघा चिमणीचा. पातळ आहे का नाही? काजळी आहे का? सत्तावीस वर्षं मी ही आग सांभाळतेय. तुम्ही बाहेरून चिमण्या मोजता, कागद चिकटवता आणि निघून जाता. एक दिवस तरी आत उभं राहून बघितलंय का?"

तपासनीस बाई रागावली नाही. मावशीला तेच जास्त झोंबलं.

"दोन दिवस आतच उभी आहे, मावशी," ती म्हणाली. "तुमची आग चांगली आहे, खरंच चांगली आहे. या भागातल्या एकवीस बॉयलरमध्ये इतका स्वच्छ जळणारा दुसरा नाही मिळाला मला. वाफही हवी तेवढी बनते. पण टाक्यांत जेवढी उष्णता पोचायला हवी तेवढी पोचत नाही. मध्ये जवळजवळ एक तृतीयांश गायब होते. कुठे, ते मला सापडलं नाही. तुम्हाला सापडलं तर माझा नंबर कागदावर आहे."

ती गेली. मावशी त्या दिवशी कुणाशी धड बोलली नाही. सापडलं तर म्हणे! स्वतःच्या घरात चोर शिरलाय आणि परक्या माणसानं येऊन ते सांगावं, असं तिला झालं होतं. दिरानं मोर्च्याचा विषय काढला तेव्हा ती त्याच्यावरही खेकसली. संध्याकाळी घरी पोचली ती तशीच.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक नवरा. नवरा बसवर कंडक्टर होता. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण अजूनही जिन्यात कुणी दाटी केली की "पुढे सरका, पुढे सरका" म्हणायचा. त्यानं ताट वाढलं, बायकोचा चेहरा बघितला आणि भात जरा जास्त वाढला.

"काय झालं?"

"वाफ चोरीला जातेय."

"तक्रार नोंदवायची का?"

"थट्टा करू नका. रविवारी माझ्याबरोबर चला. बंद रंगखान्यात शांतता असते, ऐकू येईल."

रविवारी सुट्टी. मावशीनं थोडी आग धरून थोडी वाफ केली, तेवढीच जेवढी पाइपांतून फिरेल. मग तिनं आपली सळई काढली. हातभर लांब लोखंडी सळई. एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटायचे. आतली वाफ बोलते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिनं कितीदा शिकवायचा प्रयत्न केला तरी दुसऱ्या कुणाला ते जमलं नव्हतं. नवरा विजेरी धरून मागे.

प्रत्येक टाकीच्या खाली ट्रॅप असतो. मुठीएवढा लोखंडी डबा. टाकीतून फिरून वाफेचं पाणी झालं की हा डबा ते पाणी बाहेर सोडतो आणि वाफ आत अडवतो. नीट चालत असेल तर सळईतून ऐकू येतं: टक, फस्स, आणि मग गप्प. पुन्हा थोड्या वेळानं टक, फस्स. पहिल्या टाकीच्या ट्रॅपला तिनं सळई लावली. टक, फस्स, गप्प. ट्रॅप उत्तम होता. पण त्या गप्पच्या खालून एक बारीक, न थांबणारी सूं येत होती. तिनं सळई जराशी बाजूला सरकवली. सूं मोठी झाली.

ट्रॅपच्या शेजारून एक आखूड पाइप जातो, बायपास. ट्रॅप दुरुस्तीला काढला तर तेवढ्यापुरता वापरायचा. त्याच्यावर छोटं चाक. नवऱ्यानं विजेरीचा झोत पाडला. चाक अर्धा फेरा उघडं होतं.

मावशीनं त्या चाकाकडे पाहिलं. ते चाक कुणी उघडलं हे तिला शोधावं लागलं नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी इथले ट्रॅप गंजून जाम झाले होते. पाणी बाहेर जाईना, टाक्या तापेनात, माल अडकला. थोरले मालक, आताच्या मालकांचे वडील, नवे ट्रॅप घ्यायला तयार नव्हते. मग मावशीनंच डोकं चालवलं. सगळ्या टाक्यांचे बायपास अर्धा अर्धा फेरा उघडले. अडलेलं पाणी वाफेसकट बाहेर पडलं, टाक्या तापल्या, माल वेळेवर गेला. थोरल्या मालकांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. "अर्धा फेरा मावशीचा," असं तेव्हापासून लोक म्हणू लागले, आणि ती प्रत्येक नव्या माणसाला हात धरून दाखवू लागली: हे चाक बघ, अर्धा फेरा उघडं ठेवायचं, बंद करायचं नाही, कितीही काही झालं तरी. पुढे तीन वर्षांनी नवे ट्रॅप बसले. चाकं मात्र तशीच राहिली. मावशीची रीत मोडायची हिंमत कुणाची होती? आणि मावशी स्वतः रोज या चाकांवरून नजर फिरवून जात होती, ती उघडीच आहेत ना, एवढं बघायला.

तिनं एकेक करत अकरा टाक्या आणि वाळवणीचे दोन रूळ तपासले. तेराच्या तेरा चाकं अर्धा फेरा. सोळा वर्षं जिवंत वाफ पाइपातून सरळ मागच्या गटारात जात होती. मागच्या गल्लीतल्या बायका त्या गटाराच्या तोंडाशी बादल्या लावून गरम पाणी भरायच्या आणि दुवा द्यायच्या.

मावशी एका पालथ्या बादलीवर बसली. रडली नाही. पण तिला इतकी लाज वाटत होती की नवऱ्याकडे बघवेना.

नवरा शेजारी उकिडवा बसला. "हे बघ," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तेरा चाकं आहेत. दोघं मिळून दहा मिनिटांत बंद करू. कोळसा कमी लागेल, सगळे म्हणतील मावशीनं जादू केली. कुणाला काय कळतंय?"

सोपं होतं ते. इतकं सोपं की हात चाकाकडे गेलाही.

"आणि उद्या टाकी जरा हळू तापली की पोरं काय करतील?" ती हात मागे घेत म्हणाली. "पुन्हा उघडतील. मीच शिकवलंय त्यांना. मी चुकले हे माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय ती चाकं बंद राहणार नाहीत."

"माणसं हसतील."

"हसू देत. रंगखाना बंद झाल्यावर कुणी हसणार नाहीये."

सोमवारी सकाळी सातलाच तिनं तपासनीस बाईला फोन लावला. फेरमोजणी करता येते का? येते, एकदाच, सात दिवसांची. पण अर्जावर सही मालकाची लागते. मावशीनं फोन ठेवला आणि फाटकाशी गेली. मोर्चा जमला होता. बॅनर ताणला होता, दिरानं घसा साफ केला होता. मावशी रंगाच्या रिकाम्या पिंपावर चढली तेव्हा टाळ्या पडल्या.

"टाळ्या थांबवा," ती म्हणाली. "आधी ऐका. तो चाळीस किलो जास्तीचा कोळसा मी जाळलाय."

मग तिनं सगळं सांगितलं. गाळलं काही नाही. एकोणीस वर्षांपूर्वीची शाबासकीही सांगितली, कारण ती सांगितल्याशिवाय चूक कळली नसती.

पहिल्यांदा रंगमास्तर बोलला. "म्हणजे मावशी, सोळा वर्षं आपण गटार तापवत होतो?"

"हो."

"आणि मी रोज सकाळी त्या गटाराकडे बघून म्हणायचो, वा, आज वाफ झकास आहे."

कुणीतरी फुस्सकन हसलं आणि मग बरेच जण हसले. ते हसणं तिला लागलं, पण तिनं ते गिळलं. दीर मात्र हसला नाही. तो लालबुंद झाला होता.

"वहिनी, आज हे बोलायची काय गरज होती? धूरकचेरीच्या हातात आयतं कोलीत दिलंत. त्यांना रंगखाने बंदच करायचेत. आपल्याला पोट आहे, त्यांना हवा पडलीय!"

"भाऊजी," मावशीचा आवाज चढला, "गेल्या उन्हाळ्यात एक्केचाळीस दिवस रंगखाना बंद होता, आठवतंय? तो कुणी बंद केला होता? कचेरीनं? तलाव आटला होता, नळाला थेंब नव्हता. दोन वर्षं पाऊस नाचवतोय आपल्याला, कधी येतो, कधी येतच नाही. तेव्हा तुम्ही कुठली घोषणा दिली होती? एक्केचाळीस दिवस घरी बसलात आणि माझ्या जावेनं लोकांचे कपडे शिवून चूल पेटवली. तेव्हा पोट आणि हवा वेगळी होती का? गटारात वाफ सोडून कुणाचं पोट भरलं सोळा वर्षं? माझं नाही, तुमचं नाही. मी त्या कचेरीची बाजू घेत नाहीये. त्यांनाही सुनावलंय, पुन्हा सुनावीन. पण माझ्या हातानं झालेल्या नासाडीसाठी मी मोर्चा काढणार नाही. ती मी बंद करणार. नव्वद म्हणतात ना? आणून दाखवते नव्वद. त्याला सात दिवस हवेत, आणि त्या सात दिवसांना मालकांची सही हवी."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग रंगमास्तरनं बॅनरची आपल्याकडची काठी उचलली आणि केबिनच्या दिशेनं चालायला लागला. दुसरी काठी दिराच्या हातात असल्यामुळे त्यालाही निघावंच लागलं. दोन मैल जाणारा मोर्चा चाळीस पावलांत पोचला.

मालकांनी ऐकून घेतलं. टेबलावरचं घड्याळ सरळ केलं. "मावशी, आता कशाला हे? फेरमोजणी म्हणजे पुन्हा लांबण. भरपाई मंजूर व्हायला आलीय, उगाच..."

ते थांबले, पण उशीर झाला होता.

"मंजूर व्हायला आली?" दिरानं विचारलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "कागद मंगळवारी लागला. आज सोमवार. सहा दिवसांत कचेरी साधी पोच देत नाही. अर्ज केलात कधी?"

मालक खिडकीबाहेर बघायला लागले. अर्ज दोन महिन्यांपूर्वीचा होता. बंद करायला सांगा, अशी विनंती आधी, आणि वरून पोटावर पाय आला हे रडगाणं नंतर. मावशीला संताप आला आणि थोडं बरंही वाटलं, कारण आता निदान कुणाशी भांडायचंय हे स्पष्ट झालं होतं.

दीर टेबलाजवळ सरकला. "सही करा. नाहीतर मोर्चा इथेच बसतो. घोषणा तयार आहेत आमच्याकडे, नाव तेवढं बदलायचं."

सही झाली.

मंगळवारी मोजणी सुरू झाली. मावशीनं तेरा बायपास बंद केले आणि वरची चाकं काढून आपल्या डब्याच्या पिशवीत टाकली. पहिल्या दिवशीचा आकडा आला नव्याण्णव. लोकांनी डोळे विस्फारले. मागच्या गल्लीतून तीन बायका बादल्या घेऊन भांडायला आल्या, की आमचं गरम पाणी कुणी बंद केलं. मावशी म्हणाली, "मी. आणि आजवर देत होते तेही मीच. आता घरी तापवा." त्या तिला काय काय बोलून गेल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बुधवारी दिरानं भंगारातून जुने पाइप काढले. ट्रॅपमधून पडणारं उकळतं पाणी गटाराऐवजी परत बॉयलरच्या टाकीत आणायचं, म्हणजे गार पाणी तापवायचा कोळसा वाचतो. तो दिवसभर पालथा पडून पाइप जोडत होता आणि वहिनीशी एक शब्द बोलत नव्हता. संध्याकाळी पाणी पहिल्यांदा टाकीत पडलं तेव्हा त्यानं नुसतं हात लावून बघितलं, चटका बसला, आणि म्हणाला, "हे आपण आधी का नाही केलं?" मावशीनं त्याला तेलाची बाटली दिली. त्या दिवशीचा आकडा त्र्याण्णव.

गुरुवारी सगळं ओमफस होता होता राहिलं. गडद निळ्याची घाईची ऑर्डर होती. टाक्या पूर्वीपेक्षा पाच-सात मिनिटं हळू तापत होत्या, आणि रंगमास्तर घड्याळ बघून बघून वेडा झाला होता. बॉयलरच्या खोलीत मावशीला काट्यात फरक दिसला. धावत ती टाक्यांकडे गेली. रंगमास्तर पक्कड घेऊन वाकला होता. चाकांच्या जागी उरलेल्या दांड्या पिळून त्यानं चार बायपास उघडले होते.

"एवढी एकच ऑर्डर, मावशी!"

"मास्तर, तुमचं वय काय, माझं वय काय. मी पाया पडणार नाही आणि शिवीही देणार नाही. कापड पाच मिनिटं आधी टाकीत घाला. रंगाला कमी वेळ मिळाला असं वाटलं तर ते कापड मी स्वतः धुवून बघते."

"आणि रंग फिका आला तर?"

"तर माझं सर्टिफिकेट तुमच्या हातानं काढा भिंतीवरून."

रंगमास्तरनं पक्कड खाली ठेवली. त्या सर्टिफिकेटला कुणी बोट लावलेलं तिला खपत नाही, हे त्याला माहीत होतं. त्या दिवशीचा आकडा एकशे एक आला. निळा मात्र तसूभरही फिका नव्हता, आणि हे रंगमास्तरनं स्वतः, न विचारता, सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर त्यानं टाक्यांजवळ एक स्टूल टाकलं आणि बायपासवर पहारा ठेवला. शुक्रवारी सत्त्याऐंशी. शनिवारी चौऱ्याऐंशी. रविवारची सुट्टी कुणी घेतली नाही, त्र्याऐंशी. सोमवारी ब्याऐंशी.

मंगळवारी सकाळी मालकांच्या केबिनमध्ये चौघंजण बसले: मालक, तपासनीस बाई, दीर आणि मावशी. बाकीचे दाराबाहेर. तपासनीस बाईनं बेरीज दोनदा केली. सात दिवसांची सरासरी एकोणनव्वद पूर्णांक नऊ.

"मर्यादेत आहे," ती म्हणाली, आणि वही मिटताना तिलाही हसू आवरलं नाही. मग लगेच गंभीर झाली. "पण मावशी, मर्यादा पुढच्या वर्षी पंच्याऐंशी होणार आहे."

"होऊ दे. आणि पुढच्या वर्षी येताना एक सुधारणा करा. कागद चिकटवण्याआधी बॉयलरवाल्याला विचारा, कोळसा किती जळतो ते नाही, वाफ कुठे जाते ते. मला आधी विचारलं असतं तर मी आधी शोधलं असतं. वीस रंगखान्यांच्या दारावर असेच कागद आहेत. तिथल्या चाकांकडे कुणी बघितलंय का?"

तपासनीस बाईनं ते लिहून घेतलं.

बाहेर बातमी पोचली होती. आरडाओरडा चालला होता. मालकांनी घसा खाकरला.

"आकडा आला, चांगलं झालं. पण रंगखाना माझा आहे. चालवायचा की नाही हे मी ठरवीन. उद्या मला बंद करायचा असेल तर मी करू शकतो."

दीर उठायला लागला. मावशीनं त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं. तिचा आवाज शांत होता, आणि तिला ओळखणाऱ्यांना त्याचीच भीती वाटायची.

"करा की. कोण अडवतंय? बाई, मालकांना बंद करायचं असेल तर काय करावं लागतं?"

"स्वेच्छेनं बंद करण्याचा वेगळा अर्ज असतो," तपासनीस बाई म्हणाली. "कोळसा मर्यादेत आहे, त्यामुळे भरपाईचा जुना अर्ज आज रद्द होतो. या अर्जात बंद करण्याचं कारण लिहायचं आणि सही करायची." तिनं पिशवीतून कोरा अर्ज काढून टेबलावर ठेवला.

मावशीनं तो मालकांच्या पुढे सरकवला.

"लिहा कारण. गोदाम बांधायचंय, असं लिहा. मला आता हे नको झालंय, असं लिहा, तेही चालेल, माणूस थकतो. तुमच्या वडिलांना मी काम करून दाखवलंय, तुम्हालाही दाखवलं. तुमच्या सहीनं बंद करा आणि तो कागद स्वतःच्या हातानं त्या दारावर चिकटवा, अठ्ठेचाळीस जणांच्या समोर. पण हवेच्या नावानं बंद करायचं नाही. पावसाच्या नावानं नाही आणि या पोरीच्या नावानंही नाही. ते आता तुम्हाला मी करू देणार नाही."

दाराबाहेरची गर्दी उंबऱ्यापर्यंत सरकली होती. सगळे ऐकत होते.

"आणि ते लिहायचं नसेल," मावशी म्हणाली, "तर नव्या पाइपांना गुंडाळायला लॅगिंग लागणार आहे. उघडे पाइप आहेत, उष्णता उडून जातेय. पंच्याऐंशीला पोचायचंय आपल्याला. ते आजच मागवा."

मालकांनी पेन उचललं. कारणाच्या रकान्यावर ते बराच वेळ थांबलं. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा मावशीकडे. मग अर्ज बाजूला सारला आणि खणातून एक कोरा कागद काढला.

"किती फूट?" त्यांनी विचारलं.